आधी गळा, मग फुंक

(मालवण येथे बँडवादक आणि विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

मघाशी बाहेर चहा घेताना कुडाळहून आलेल्या एका बँडमास्तरांनी विचारलं, "तुम्ही उजवा हात फ्रेंच हॉर्नच्या भोंग्यात कशाला घालता? वाद्य धरायला, की आवाज दाबायला?" मी बोलायला लागणार तेवढ्यात सभेची वेळ झाली. मास्तर, तुमचा प्रश्न लक्षात आहे. पण तिथे पोचायला शिंगापासून सुरुवात करावी लागेल.

शिमग्याला पालखीपुढे वाजणारं शिंग तुम्ही लहानपणापासून ऐकलंय. शिंगाला भोकं नाहीत, पट्ट्या नाहीत, खटके नाहीत. तरी वाजवणारा त्यातून वेगवेगळे सूर काढतो, ते नुसते ओठ आवळून आणि सैल सोडून. माझ्या हातातलं हे वाद्य त्याच घराण्यातलं. युरोपात शिकारीच्या वेळी घोड्यावर बसून ते फुंकायचे, म्हणून लांब नळी गोल वळवून घेतली. ही सरळ केली तर साधारण १२ फूट भरेल. फ्रेंच हॉर्न हे नाव रूढ झालं, पण आजची घडण मुख्यतः जर्मन कारागिरांची. इंटरनॅशनल हॉर्न सोसायटीनं १९७१ मध्येच सुचवलं की नुसतं 'हॉर्न' म्हणा. मीही तेच म्हणतो.

आता तानपुरा आठवा. खर्जाची तार छेडली की लावलेला असतो षड्ज, पण कान दिला तर मागून गंधार ऐकू येतो. एकाच तारेत बरेच सूर दडलेले असतात. नळीचंही तसंच. या १२ फुटांत एकही खटका न दाबता खालून वर जे सूर मिळतात ते असे: सा, वरचा सा, प, सा, ग, प, मग जरा उतरलेला कोमल नी, पुन्हा सा. इथपर्यंत सुरांमध्ये मोकळी जागा आहे. ट्रंपेटवाला बहुतेक वेळ एवढ्यातच वावरतो. हॉर्नवाल्याला मात्र याच्याही वर जावं लागतं: सा, रे, ग, मग शुद्ध आणि तीव्र यांच्यामधला एक अधांतरी म, मग प. इथे सूर एकमेकांना खेटून उभे असतात. बोटं तीच, नळी तीच, आणि ओठ केसभर सैल पडला की गंधाराच्या जागी रिषभ लागतो. हॉर्नचा सूर फुटतो म्हणतात तो इथे.

म्हणजे बोटं सूर ठरवत नाहीत, ती फक्त नळीची लांबी ठरवतात. सूर ठरवतो कान. मला आज तुम्हाला हेच सांगायचंय, बाकीचं सगळं या एका गोष्टीला धरून येतं.

नौदलाच्या बँडमध्ये मी २२ वर्षं हॉर्न वाजवलं. पहिल्या वर्षी माझ्या वस्तादांनी मला नियम घालून दिला होता: सूर आधी गायचा, मग माउथपीस ओठाला लावायचा. मला वाटायचं, बँडमध्ये आलोय, गायला थोडाच आलोय! सहा महिन्यांनी कळलं. सूर गळ्यात पक्का असेल तर ओठ आपोआप त्या जागी जातात. गळ्यात डळमळीत असेल तर वाद्य कितीही महागाचं घ्या, सूर फुटणारच. पोरांनो, रोज पहिली दहा मिनिटं पेटीवर पांढरी चार धरा आणि सा-प-सा-ग-प गा. मग नुसत्या माउथपीसवर तेच काढा. मग हॉर्नवर. वरचा सूर लागत नाही म्हणून माउथपीस ओठावर दाबू नका. दाबानं एखादा सूर निघेलही, पण तासाभरानं ओठ बधिर होतो आणि खालचे सूरही जातात. बहुतेक हॉर्नवादक माउथपीसचा दोन तृतीयांश भाग वरच्या ओठावर आणि एक तृतीयांश खालच्यावर ठेवतात. तुमच्या दातांच्या ठेवणीप्रमाणे थोडं इकडेतिकडे चालेल.

पांढरी चार का म्हणालो? कारण एफ हॉर्न म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी चार. कागदावर सी लिहिलेला असतो, वाजतो त्याच्या खालचा एफ. आणि बी-फ्लॅट हॉर्न म्हणजे काळी पाच, त्याची नळी सुमारे ९ फूट. माझं हॉर्न डबल आहे, म्हणजे एका वाद्यात दोन हॉर्न. अंगठ्याचा खटका दाबला की पांढरी चारवरून काळी पाचवर. नळी आखूड झाली की वरच्या पट्टीतले सूर जरा ऐसपैस होतात, म्हणून वर जाताना आम्ही अंगठा वापरतो. डबल हॉर्न जर्मनीतल्या एरफुर्टच्या फ्रिट्झ क्रुस्पेंनी १८९७ मध्ये आणलं.

आता मास्तर, तुमचा हात. खटके यायच्या आधी शिंगासारखेच मोजके सूर मिळायचे. साधारण १७५० च्या सुमाराला ड्रेस्डेनच्या हाम्पेल नावाच्या वादकानं भोंग्यात हात घालून मधले सूर काढायची पद्धत बसवली. हात थोडा मिटला की सूर उतरतो. मोत्झार्टनं लॉइटगेब या हॉर्नवादकासाठी लिहिलेले हॉर्नचे कॉन्चेर्तो, म्हणजे एक वादक आणि वाद्यवृंद यांच्या रचना, असेच हातानं वाजवले गेले. पुढे श्ट्योल्त्सेल आणि ब्ल्यूमेल यांनी १८१८ मध्ये व्हॉल्व्हचं, म्हणजे खटक्यानं नळीची लांबी बदलणाऱ्या झडपेचं, पेटंट घेतलं. उजवा हात भोंग्यात गुंतलेला होता, म्हणून व्हॉल्व्ह आले डाव्या हाताखाली. आणि गंमत बघा, व्हॉल्व्ह येऊन जवळजवळ ५० वर्षं झाल्यावरही १८६५ मध्ये संगीतकार ब्राम्सनं आपलं हॉर्न ट्रायो, म्हणजे तीन वाद्यांची रचना, बिनव्हॉल्व्हच्या हॉर्नसाठीच लिहिलं. त्याला तो हाताचा आवाज हवा होता.

तर हात धरायला आहेच, पण मुख्यतः आवाज घडवायला. मूठ करू नका. देवळात तीर्थ घेताना हात जसा किंचित खोलगट होतो, तसा ठेवा. बोटं जुळलेली, बोटांची पाठ भोंग्याच्या आतल्या भिंतीला टेकलेली. हा बघा हात काढून आवाज... आणि हा हात घालून. ऐकलंत? पहिला उघडा आणि कर्कश, दुसरा गोल.

याच हातामुळे कागदावरच्या काही खुणांना अर्थ येतो. सुरावर अधिकची खूण दिसली, किंवा फ्रेंचमध्ये 'बुशे', जर्मनमध्ये 'गेश्टॉप्फ्ट' असं लिहिलेलं दिसलं, की भोंगा हातानं पूर्ण बंद करायचा. तेव्हा सूर अर्ध्या स्वरानं चढतो, म्हणून बोटं अर्धा स्वर खालची धरायची, आणि तीही एफच्या बाजूला. काळी पाचवर हा हिशोब नीट बसत नाही. छोटं शून्य म्हणजे परत उघडा. 'क्विव्रे' म्हणजे पितळ झणझणलं पाहिजे असा आवाज. 'कॉन सॉर्डिनो' म्हणजे म्यूट, भोंग्यात बसवायचं बूच, लावा. बुशे आणि म्यूट एक नव्हे, ही गल्लत फार होते.

आता आपल्या किनाऱ्याची गोष्ट. खारा वारा आणि जूनपासूनची दमट हवा पितळेला सोसत नाही. वाजवून झाल्यावर आतलं पाणी काढा. ती बहुतेक फुंकीतली वाफ असते, थुंकी नव्हे. बाहेरून कोरड्या सुती कापडानं पुसा, पावसाळ्यात हॉर्न ठेवायची पेटी दिवसातून एकदा उघडी ठेवा. धुवायचं तर कोमट पाण्यात, सौम्य साबणानं. कढत पाण्यानं लॅकर, म्हणजे पितळेवरचा चकचकीत लेप, उठतो. पहिल्या नळीवर, जिथे माउथपीस बसतो तिथे, तांबूस ठिपके दिसले तर सावध व्हा. पितळेतलं जस्त निघून जातंय, आतून नळी कुजतेय.

आणि खोबरेल तेल घालू नका. हे कळकळीनं सांगतो, कारण मी घातलंय. रजेवर घरी आलो होतो, व्हॉल्व्हचं तेल संपलं, आईनं बाटली पुढे केली. मालवणात लोण्यासारखे व्हॉल्व्ह फिरले. परत मुंबईला गेलो, वातानुकूलित सभागृहात कार्यक्रम, दुसऱ्याच तुकड्यात मधला व्हॉल्व्ह अर्ध्यावर थांबला. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं. सगळा बँड वाजतोय आणि माझी सुरावट रिकामी जातेय, ते अजून विसरलो नाही. रोटरसाठी, म्हणजे हॉर्नच्या फिरणाऱ्या व्हॉल्व्हसाठी, मिळतं तेच तेल वापरा, स्लाइडला, म्हणजे आतबाहेर सरकणाऱ्या नळीला, वेगळं ग्रीस.

उन्हाचंही तसंच. हवा १० अंशांनी तापली तर नुसत्या हिशोबानं सूर अर्ध्या स्वराच्या जवळपास तिसऱ्या हिश्शानं चढतो. फुंकीची ऊब नळीत आधीच असते म्हणून प्रत्यक्षात काहीसा कमी, पण बाजाची पेटी जागच्या जागी आणि हॉर्न वर, हे मे महिन्यात मैदानावर होतंच. आधी पाच मिनिटं वाजवून वाद्य तापवा, मगच मुख्य स्लाइड ओढून सूर जुळवा.

शेवटी दोऱ्याबद्दल. हॉर्नचा रोटर खटक्याला दोऱ्यानं बांधलेला असतो, आणि तो नेमका कार्यक्रमाच्या दिवशी तुटतो. मी एकदा इथल्या दांडीच्या किनाऱ्यावर बसून तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा धागा, बांधून बघत होतो. तंगूस ताठ, सारखा निसटत होता. शेजारी जाळं शिवणाऱ्या एका काकांनी थोडा वेळ बघितलं आणि त्यांच्याकडचा बारीक विणलेला दोरा तोडून दिला. "ह्यो घे. ही गाठ सुटाची नाय." खटक्याच्या दांडीच्या भोकातून दोरा ओवून मागे गाठ मारायची, रोटरच्या डोक्याला अर्धा वळसा द्यायचा, तिथल्या स्क्रूभोवती फिरवायचा, उरलेला अर्धा वळसा पुरा करून दांडीच्या टोकाच्या स्क्रूखाली आणायचा. वरून बघितलं तर इंग्रजी आठचा आकडा दिसतो. तो स्क्रू आवळण्याआधी तिन्ही खटके एका उंचीला आणायचे. एका वेळी एकच दोरा सोडायचा, म्हणजे उरलेले दोन नमुन्याला राहतात. काकांचा तो दोरा चार वर्षं टिकला.

जुनं हॉर्न घेणाऱ्यांनी एवढं करा: खटका न दाबता त्याची स्लाइड ओढा, मग खटका दाबा. टॉक असा आवाज आला तर व्हॉल्व्ह घट्ट आहे. रोटरचं मागचं झाकण काढून आतली रेघ खाचेशी जुळते का तेही बघा.

विणलेल्या दोऱ्याचं एक रीळ मी आज आणलंय. ज्यांनी आपापली वाद्यं आणलीत त्यांनी ती घेऊन या टेबलाशी या. आणि मास्तर, तुमच्याबरोबर आलेल्या त्या शिंग वाजवणाऱ्या मुलाला आधी पुढे पाठवा. त्याचे ओठ तयार आहेत, त्याला माझं हॉर्न देतो. पण फुंकण्याआधी त्यानं मला पांढरी चारचा प गाऊन दाखवायचा.