जोतिबा : डोंगरावरून पाळण्यात आलेले नाव

(पडद्यावर : पहाटेचा पंचगंगा घाट. ओल्या पायऱ्यांवरून अनवाणी माणसे वर येत आहेत.)

माघ महिन्यातला रविवार आहे. पंचगंगेत अंघोळ करून निघालेली ही माणसे वडणगे, निगवे, कुशिरे या वाटेने चालत जाऊन उन्हे चढण्याच्या आत जोतिबाचा डोंगर गाठतील. असे पाच रविवार चालत जाण्याला कोल्हापुरात ‘खेटे घालणे’ म्हणतात. करवीरची, म्हणजे कोल्हापूरची, कामगिरी संपवून जोतिबा परत उत्तरेला, केदारनाथाकडे निघाला, तेव्हा अंबाबाई अनवाणी त्याच्यामागे गेली आणि तिने त्याला डोंगरावर थांबवून घेतले, अशी या खेट्यांमागची कथा आहे. वाटेत कोणीतरी ‘जोतिबाच्या नावानं’ एवढेच मोठ्याने म्हणतो आणि ‘चांगभलं’ हा शब्द मागून येणारे सगळे मिळून पुरा करतात. ही घोषणा कोल्हापूरकरांच्या तोंडी इतकी रुळलेली आहे की तिच्या रचनेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तिच्यात देवाच्या पराक्रमाचा उल्लेख नाही आणि त्याच्याकडे काही मागणेही नाही. त्याच्या नावाने सर्वांचे चांगले आणि भले होवो, एवढेच तिच्यात म्हटले आहे.

त्या नावाविषयी ही चित्रफीत आहे. जोतिबा नावाची माणसे करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतल्या गावांत आजही भेटतात. ती बहुतेक पिकल्या केसांची असतात आणि गावात त्यांना जोतिअण्णा, जोतिआबा अशी हाक मारली जाते. बारशाच्या निमंत्रणपत्रिकेवर मात्र हे नाव आता क्वचितच दिसते.

(पडद्यावर : वाडी रत्नागिरीचा डोंगर. गुलालाने रंगलेल्या पायऱ्या.)

कोल्हापूरच्या वायव्येला १७-१८ किलोमीटरवर, पन्हाळ्याच्या शेजारी हा डोंगर उभा आहे. गावाचे नाव वाडी रत्नागिरी असले, तरी कोल्हापुरात कोणी रत्नागिरीला चाललो असे म्हणत नाही, कारण त्या नावाने ऐकणाऱ्याला कोकण आठवते. म्हणून देवाचेच नाव गावाला आणि डोंगरालाही पडले. पुराणकथेप्रमाणे या परिसरात रत्नासुराने उच्छाद मांडला होता आणि त्याचा वध करण्यासाठी देव उत्तरेकडून येथे आला. त्याच्या जन्माची कथा या नावाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. पौगंड ऋषी आणि त्यांची पत्नी विमलांबुजा यांना मूल नव्हते, आणि विमलांबुजेच्या ओंजळीत ज्योतीच्या रूपाने बालक प्रकटले, असे ती कथा सांगते. ब्रह्मा, विष्णू, महेश आणि जमदग्नी यांचे तेज त्या बालकात एकवटले, असे भाविक मानतात.

नावाचा अर्थ कथेतच आलेला आहे. ज्योत म्हणजे दिव्याची शिखा, तेज, प्रकाश. मग कोल्हापुरात ‘ज्योतिबा’ न म्हणता ‘जोतिबा’ का म्हणतात, असा प्रश्न बाहेरून आलेल्या शुद्धलेखनप्रेमी माणसाला हमखास पडतो आणि पुष्कळदा तो पाटीवरचे अक्षर चुकले आहे असे समजतो. चूक काहीच नाही. संस्कृतातला ‘ज्यो’ मराठीच्या तोंडात ‘जो’ होतो, आणि याचा सर्वांत परिचित पुरावा म्हणजे जोशी हे आडनाव, कारण ते ज्योतिषी या शब्दापासून आले आहे. जोशांना कोणी ज्योशी करायला जात नाही. मग जोतिबालाच ज्योतिबा का करावे? गंमत अशी की शेतकऱ्याच्या भाषेत ‘जोत’ हा आणखी एक शब्द आहे आणि त्याचा संबंध नांगराला जुंपलेल्या बैलांशी आहे. त्या जोताचा या देवाच्या नावाशी व्युत्पत्तीने काही संबंध नाही. परंतु ज्या माणसाचा दिवस जोत धरण्याने सुरू होई आणि जोत सोडण्याने संपे, त्याच्या कानाला जोतिबा हे नाव परके वाटले नसणार, असे मला वाटते.

आता नावाच्या दुसऱ्या भागाकडे पाहू. ‘बा’ म्हणजे बाप. विठोबा, खंडोबा, म्हसोबा, बिरोबा या देवांना जो बा लागतो, तोच धोंडिबा, गणबा, महादबा, दत्तोबा या माणसांनाही लागतो. देवाला बाप म्हणणे आणि पाळण्यातल्या मुलाला जन्मापासूनच बा म्हणणे, या दोन्ही गोष्टी या भाषेला सारख्याच सहज जमतात. उत्तर भारतात देवाचे नाव माणसाला देताना पुष्कळदा त्याला दास किंवा प्रसाद जोडून अंतर राखले जाते. महाराष्ट्रातल्या शेतकरी घरांनी ते अंतर ठेवले नाही. ज्या नावाने डोंगरावरच्या देवाला हाक मारायची, त्याच नावाने अंगणातल्या पोराला जेवायला बोलवायचे, आणि त्याने खोडी केली की ‘जोत्या’ म्हणून दटावायचे, हा व्यवहार त्यांना मुळीच अवघड वाटला नाही. अडचण झाली असेल ती सुनांची. नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही ही रीत पाळणाऱ्या पिढीत जोतिबा नावाच्या माणसाच्या बायकोने यात्रेत घोषणा कशी दिली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

(पडद्यावर : मंदिराचे शिखर, काळ्या दगडाचे बांधकाम.)

हे नाव शेतकऱ्यांच्याच घरात राहिले असे नाही. आज दिसणारे मुख्य मंदिर १७३० मध्ये राणोजी शिंदे यांनी जुन्या मंदिराच्या जागी बांधले आणि शेजारचे केदारेश्वराचे मंदिर १८०८ मध्ये दौलतराव शिंदे यांनी बांधले. ग्वाल्हेरच्या या घराण्याचे जोतिबा हे कुलदैवत आहे. राणोजींच्या मुलांची नावे जयाप्पा, दत्ताजी, जोतिबा, तुकोजी आणि महादजी अशी होती. इतिहासात दत्ताजी आणि महादजी गाजले, तर जोतिबा शिंदे यांचे नाव वंशावळीपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. पण ज्या सरदाराने डोंगरावर देवाचे घर उभे केले, त्याने स्वतःच्या घरातही त्या देवाचे नाव ठेवले होते, हे या यादीवरून दिसते.

या नावाचा सर्वांत मोठा मानकरी मात्र सरदार नव्हता. फुले घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे. तेथून निघून पुण्यात फुलांच्या व्यवसायाने नाव कमावलेल्या या कुटुंबात गोविंदराव आणि चिमणाबाई यांच्या पोटी ११ एप्रिल १८२७ रोजी मुलगा झाला. त्या दिवशी जोतिबाची यात्रा होती म्हणून त्याचे नाव जोती ठेवले, असे चरित्रांत सांगितलेले असते. अशा जन्मकथा पुष्कळदा मागाहून रचलेल्या असतात, त्यामुळे ही तपासून पाहण्याजोगी आहे. जोतिबाची मुख्य यात्रा चैत्र पौर्णिमेला भरते. सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या मानाच्या उंच निशाणकाठ्या, नाचवत, गुलाल आणि दवणा उधळत लाखो लोक त्या दिवशी डोंगर चढतात. पंचांगाचे गणित मागे नेले, तर ११ एप्रिल १८२७ या दिवशी चैत्र पौर्णिमाच येते. म्हणजे नावाचे कारण तिथीशी जुळते.

या माणसाने स्वतःचे नाव ‘जोतीराव गोविंदराव फुले’ असे लिहिले. त्याच्या आजोबांचे नाव शेटीबा असे होते, म्हणजे बा-कारान्त नावांची परंपरा घरात आधीपासूनच होती. पुढे याच जोतीरावांनी १८७३ मध्ये लिहिलेल्या ‘गुलामगिरी’ या पुस्तकात बा-कारान्त देवांचा निराळाच उलगडा केला. खंडोबा हा बळीराजाच्या राज्यातल्या खंडाचा अधिकारी आणि म्हसोबा म्हणजे महासुभा, मोठ्या प्रदेशाचा अधिकारी, असे त्यांनी मांडले. आजच्या भाषाशास्त्राच्या कसोटीवर ही व्युत्पत्ती टिकणार नाही. तरीही ज्याच्या स्वतःच्या नावात एक देव होता, त्याने शेतकऱ्यांच्या देवांना शेतकऱ्यांचेच जुने कारभारी ठरवावे, यात त्याच्या विचाराची सारी दिशा दिसते.

त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुण्यात जोतीरावांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि १९११ मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या काळात त्याची शाखा कोल्हापुरात सुरू झाली. डोंगरावरून निघालेले नाव अशा रीतीने पुण्याला वळसा घालून पुन्हा करवीरात आले. आता या परिसरात मुलाचे नाव जोतिबा किंवा जोतीराव ठेवण्याला दोन अगदी वेगळी कारणे मिळाली. एका घरात ते नवस फेडण्यासाठी ठेवले जाई, तर दुसऱ्या घरात नवसावर विश्वास नाही हे सांगण्यासाठी. शाळेच्या हजेरीपटावर मात्र ही दोन्ही मुले एकाखाली एक येत.

उत्तरेत या नावाचा प्रवास आणखी वेगळा झाला. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात अमरोहा भागाचा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा त्याला ज्योतिबा फुले नगर असे नाव मिळाले, आणि बरेलीच्या रोहिलखंड विद्यापीठालाही महात्मा ज्योतिबा फुले यांचे नाव देण्यात आले. जिल्ह्याचे नाव २०१२ मध्ये पुन्हा अमरोहा झाले, विद्यापीठाचे कायम आहे. प्रवासात ‘जो’चा ‘ज्यो’ झाला. तेथे हे नाव एका थोर पुरुषाचे म्हणूनच ओळखले जाते, त्यामागे एक डोंगर आणि चैत्रातली पौर्णिमा आहे हे बहुतेकांना ठाऊक नसते.

(पडद्यावर : महाद्वार रोडवर खेळण्यांच्या दुकानापुढे थांबलेले आईवडील आणि मुले.)

मग घरोघर असलेले हे नाव मागे का पडले? श्रद्धा कमी झाली, हे उत्तर सोपे आहे पण खरे नाही, कारण खेट्यांची आणि यात्रेची गर्दी कमी झालेली नाही. माझ्या मते नाव मागे पडले ते ‘बा’ मुळे. बापाला बा म्हणणे घरांतून गेले, तिथे पप्पा आले, आणि बा या अक्षरात फक्त म्हातारपण उरले. धोंडिबा, गणबा, महादबा ही सगळीच भावंडे एकदम वयस्कर झाली आणि जोतिबा त्यांच्याबरोबर गेला. त्यात नाव ठेवण्याची रीतही बदलली. पूर्वी नाव निवडले जात नसे, ते देणे असे. कुळाच्या देवाचे, नवसाचे किंवा वारलेल्या आजोबांचे. आता मोबाइलवर नावांची यादी उघडून अर्थ, आद्याक्षर आणि वेगळेपणा पाहिला जातो. वेगळेपणाच हवा असेल, तर आजच्या बालवाडीत जोतिबाइतके वेगळे नाव शोधून सापडणार नाही, हे त्या यादीत लिहिलेले नसते.

पण देवाचे देणे कोल्हापूरकरांनी बुडवलेले नाही. ते दुसऱ्या नावाने फेडले जात आहे. जोतिबालाच केदारनाथ आणि केदारलिंग म्हणतात, आणि ज्या घरांत आजोबा जोतिबा होते, तेथे नातू केदार झाला आहे. उच्चाराला सुटसुटीत, पुण्या-मुंबईत चालणारे, म्हातारे न वाटणारे असे हे नाव आहे. संस्कृतात केदार या शब्दाचा एक अर्थ शेत, पाण्याने भरलेले खाचर असा होतो. म्हणजे शहरी वाटते म्हणून निवडलेले नाव अर्थाने चिखलातले आहे आणि गावठी वाटते म्हणून टाकलेले नाव अर्थाने उजेडाचे आहे.

जुने नाव अजून एका जागी टिकून आहे. आपल्याकडे मुलाच्या नावामागे वडिलांचे नाव लागते, त्यामुळे दाखल्यावर, गुणपत्रिकेवर, बँकेच्या पासबुकावर आजही अनेक तरुणांच्या नावाच्या मध्यभागी जोतिबा लिहिलेले असते. शाळेत गुरुजी हजेरी घेताना ‘केदार जोतिबा’ असे म्हणून पुढे आडनाव वाचतात. एका हाकेत एकाच देवाची दोन नावे लागोपाठ घेतली गेली, हे ‘हजर’ म्हणणाऱ्या त्या मुलाच्या बहुधा लक्षात आलेले नसते.