बुग्यालावरचा दिवस आणि आपला सडा

मंडळी, गेल्या मे महिन्यात मी उत्तराखंडात चोपत्याला गेलो होतो. तिथला एकच दिवस आज सांगतो.

आपण खाडीकाठची माणसं. चोपता सुमारे २७०० मीटरवर आणि तुंगनाथचं देऊळ ३६८० मीटरवर. वाट जेमतेम चार किलोमीटरांची, पण दर वळणाला दम खायला थांबावं लागत होतं, आणि थांबलं की पक्षी दिसत होते. सुरुवातीला बुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) आणि खर्सू ओकचं रान. बुरांसाचा बहर ओसरत आला होता; उरल्यासुरल्या लाल फुलांत चोच घालून सूर्यपक्षी मध पीत होते, आपल्या परसातल्या शिंजिराचेच भाऊबंद. खाली एका ओढ्यात दगडावर करडा धोबी शेपटी हलवत उभा होता. त्याला बघून मला भरून आलं. पाऊस ओसरू लागला की हाच धोबी आपल्या पऱ्यावर, म्हणजे गावच्या ओढ्यावर, येतो आणि थंडीभर राहतो. म्हणजे आम्ही बघतो ते त्याचं हिवाळ्याचं बिऱ्हाड, आणि हे त्याचं घर!

मग झाडं संपली. एकदम संपतात ती. पुढे नुसतं गवत, डोंगराच्या खांद्यावर पसरलेलं. तिकडे त्याला बुग्याल म्हणतात. मी एका दगडाला टेकलो होतो, तेवढ्यात समोर मोनाल आला. गावठी कोंबड्याहून थोडा मोठा. हिरवं डोकं, त्यावर तुरा, मान तांब्याच्या घासलेल्या तांब्यासारखी, पाठ निळी-जांभळी, शेपूट विटकरी. बाकदार चोचीने तो माती उकरून कंद काढत होता. दहा मिनिटं मी हललो नाही. मग शीळ घालत तो दरीकडे झेपावला, आणि पाठीवरचा पांढरा पट्टा तेवढा झळकला.

फोटोसाठी मी वाट सोडून दोन पावलं गवतात टाकली, तर बरोबरच्या वाटाड्याने दंडाला धरून मागे ओढलं. तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ साली बुग्यालांवर रात्री मुक्काम करायला बंदी घातली. तो तरुण वाटाड्या मला म्हणाला, "साहेब, हे गवत उखडलं तर परत यायला फार वर्षं लागतात."

परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात आपला सडा होता, गावावरचं जांभ्या कातळाचं पठार. झाडं नाहीत, गवत आहे, उघडं आभाळ आहे. मग आपण त्याला काय म्हणतो? सातबारा काढून बघा. पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन!

एप्रिलात त्या पोटखराब्यावर मी माळटिटवीचं घरटं बघितलं होतं. घरटं म्हणजे कातळावरच्या बारीक खड्यांत ठेवलेली चार अंडी. नजर हलली की हरवतात. उन्हं चढली तशी ती टिटवी उठली, गुरांच्या पाणवठ्यावर गेली, पोटाची पिसं भिजवली आणि ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसली. अकरा ते दोन या वेळात ती तीनदा गेली आणि आली. पाय भाजत होते म्हणून मी एका जागी उभा राहू शकत नव्हतो, आणि ती तिथे पिल्लं वाढवत होती. वर मलबारी चंडोल गात गात आभाळात चढत होता.

तिथून दोनशे पावलांवर चिरेखाण आहे. चिरा काढणाऱ्याला मी दोष देत नाही. आपण बसलोय ते सभागृहही चिऱ्याचंच आहे. पण कुठला कातळ फोडायचा आणि कुठला ठेवायचा, हे गावाने बसून ठरवायला हवं. सड्याचा जांभा पावसाचं पाणी पोटात घेतो आणि ते उताराखालच्या झऱ्यांना मिळतं. आपल्या वाडीची विहीर त्यावरच आहे. आणि वणवे. करडाला, म्हणजे वाळलेल्या गवताला, लावलेली आग मार्चमध्ये सड्यावर पसरते, नेमकी टिटवी आणि चंडोल घरट्याला लागतात त्या दिवसांत. याचं मला फार वाईट वाटतं, कारण ती आग आपणच लावतो.

पक्षी सप्ताहात आपण ५ नोव्हेंबरला अरण्यलेखक मारुती चितमपल्ली आणि १२ नोव्हेंबरला पक्षीतज्ज्ञ सालिम अली यांचे जन्मदिवस साजरे करतो. सालिम अलींनी सुगरणीचा प्रसिद्ध अभ्यास केला तो आपल्याच किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या किहीमला, १९३० साली. घराजवळच्या घरट्यांकडे ते महिनोन्‌महिने बघत बसले, आणि नर अर्धी घरटी बांधतो, मादी ती तपासून पसंत करते, हे जगाला कळलं.

उद्या सकाळी साडेसहाला शाळेच्या पाठीमागून सड्यावर जाऊ. दुर्बीण एकच आहे, आळीपाळीने बघू. येताना पऱ्याकडून उतरू, धोबी आलेत.