पेवातला प्रश्न आणि संशोधनाचा पैसा

श्रोतेहो, नमस्कार. विद्यापीठातल्या संशोधनाला पैसा कोणी द्यायचा, हे गणित आता बदललंय. 2023 मध्ये संसदेनं 'अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन'चा कायदा केला. पाच वर्षांत 50 हजार कोटी रुपये उभे करायचे, त्यातले 36 हजार कोटी उद्योग, देणगीदार अशा सरकारबाहेरच्या मंडळींकडून. पुन्हा सांगतो, 50 पैकी 36 सरकारबाहेरचे. हे ध्यानात ठेवा.

आता आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याची गोष्ट ऐका. मी महाविद्यालयात शिकवत होतो तेव्हाची. आमच्या एका विद्यार्थिनीच्या आजीच्या वाड्यात ज्वारीचं पेव होतं, म्हणजे धान्य साठवायचं जमिनीखालचं कोठार. पोरगी म्हणाली, "सर, कणगीतल्या मालदांडी ज्वारीला सोंडे किडे लागतात, पेवातलीला का लागत नाहीत?" विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लघु संशोधन प्रकल्पातून थोडे पैसे मिळाले, त्यातून वायू मोजायचं यंत्र घेतलं. पेवाचं तोंड लिंपण्याआधी आत नळी सोडली. महिन्यानं पाहिलं, तर आतला प्राणवायू पार उतरलेला! धान्य श्वास घेतं, किडेही घेतात. प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड साचतो, किडे गुदमरतात. पेव उघडलं तशी पोरगी उतरायला निघाली. आजीनं दंड धरला. "आधी कंदील सोड पोरी. त्यो इझला तर माणूसबी इझतंय." यंत्रानं जे सांगितलं, ते आजीला कंदिलावरून ठाऊक होतं. तसं का घडतं, ते पोरीनं शोधलं.

आणि त्या ज्वारीची भाकरी! सोबत शेंगाचटणी, तीही उखळात कुटलेलीच हवी. मिक्सरमधल्या कुटाला चटणी म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे.

तर, पैसा. उद्योग पैसे घालणार ते स्वतःच्या प्रश्नांसाठी, त्यात गैर काही नाही. फाउंडेशनच्या एका योजनेत मोठ्या संस्थेशी लहान विद्यापीठं जोडतात, तेही चांगलंच; यंत्रं वापरायला मिळतील. पण पेवाचा प्रश्न कोणती कंपनी विचारणार? 2004 साली आपल्या एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी वेगळं विद्यापीठ झालं, ते इथले प्रश्न इथं विचारले जावेत म्हणून. म्हणून सरकारनं स्वतःच्या 14 हजार कोटींतला काही वाटा जिल्ह्यातल्या महाविद्यालयांसाठी राखावा. रक्कम लहान असू दे, अर्ज दोन पानी असू दे. आणि मंजुरी रब्बीच्या पेरणीआधी हातात पडू दे, नाहीतर शेतावरच्या प्रयोगाचं अख्खं वर्ष जातं.