यातला उपग्रह कोण?

माइक चालू आहे ना? बरं. वेळ पंचवीस मिनिटं दिलीये, त्यातली सात माझी ओळख करून देण्यातच गेली, तेव्हा पुढे घाई झाली तर मला बोल लावू नका. विषय आहे 'जोड-लघुग्रहांवरून काय कळतं'. तिकडे येतोच, पण आधी माझं एक जुनं दुखणं.

लघुग्रह ९० अँटिओपी. मंगळ-गुरूमधल्या पट्ट्याच्या बाहेरच्या भागात, थेमिस कुटुंबातली, म्हणजे एकाच जुन्या लघुग्रहाच्या तुकड्यांच्या गटातली. १८६६ मध्ये रॉबर्ट लूथरनी शोधली आणि मग १३४ वर्षं सगळे तिला एकच दगड समजत राहिले. २००० च्या ऑगस्टमध्ये विल्यम मर्लिन आणि मंडळींनी हवाईतल्या केक दुर्बिणीतून पाहिलं तर दोन ठिपके, तेही जवळपास सारखेच! प्रत्येकी साधारण ८६ किलोमीटर, केंद्रापासून केंद्रापर्यंत १७१. म्हणजे मधल्या फटीत तेवढाच तिसरा आला तर 'जरा सरकून घ्या' म्हणत कसाबसा बसेल. आणि नोंद काय केली? एस/२००० (९०) १. एस म्हणजे सॅटेलाइट! अहो, जुळ्यांपैकी एकाला नाव आणि दुसऱ्याला नुसता नंबर? गंमत म्हणजे ग्रीक पुराणात अँटिओपी नावाच्याही दोघी आहेत, आणि त्यातली एक जुळ्यांची आई.

आता माझी फजिती ऐका. मी आणि एक मित्र एका रात्री तिचा प्रकाश मोजत होतो. आमच्या दुर्बिणीतून ठिपका एकच दिसतो, दोघांमधलं अंतर फार तर एक दशांश आर्कसेकंद, म्हणजे एका अंशाचा छत्तीस हजारावा भाग, ते वेगळं दिसणं शक्यच नाही. तासाभरात आलेख घसरायला लागला. मी म्हटलं ढग आला. मित्र म्हणाला, शेजारचे तारे तर ठणठणीत आहेत. मग मला वाटलं दव बसलं, भिंग पुसलं, केबल बदलली, सॉफ्टवेअर बंद करून परत चालू केलं, आणि या खटाटोपात प्रकाश सगळ्यात कमी होता नेमके तेव्हाचे फोटो हुकले! आलेख परत वर चढल्यावर मित्र शांतपणे म्हणतो, "अरे, ग्रहण होतं ना ते." दोघं एकमेकांना झाकतात असा सीझन होता तो, एकाने दुसऱ्याला पूर्ण झाकलं की प्रकाश थेट निम्म्यावर. माहीत होतं हो मला, पण केबलवर संशय घेणं सोपं पडतं.

चिठ्ठी आली, चार मिनिटं. तर मुद्दा. साडेसोळा तासांत एक फेरी आणि १७१ किलोमीटर अंतर, एवढं केपलरच्या नियमात घातलं की दोघांचं मिळून वस्तुमान हातात येतं. एकटा दगड ते इतक्या सहज देत नाही. त्याला आकारमानाने भागा, घनता येते घन सेंटीमीटरला सव्वा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाण्यापेक्षा जेमतेम जास्त. अख्खा खडक इतका हलका नसतो, आत पोकळ्या असणार, ढिगाराच तो. आता अशा जोड्या होतात कशा? लहान जोड्यांचं कारण बरंच पटण्यासारखं आहे, ऊन तापवतं, ती उष्णता बाहेर फेकली जाताना बारीक धक्का बसतो, गिरकी वाढत जाते आणि शेवटी माल सुटून त्याचा जोडीदार होतो. पण ८६ किलोमीटरच्या धोंड्याला उन्हाचा धक्का काय पुरणार? इथे मोठी टक्कर वगैरे आणावी लागते, ते राहू दे.

एवढं ऐका, एकावर उभं राहिलं तर दुसरा आपल्या चंद्राच्या सत्तर-ऐंशी पट रुंद दिसेल, आणि दोघांची तोंडं कायम समोरासमोर, त्यामुळे तो आकाशात जागचा हलणारच नाही.

मागे हात वर आहे, विचारा. "यातली मूळ अँटिओपी कुठली?" अहो, दोन्ही! इतका वेळ मी काय सांगतोय!