छपरावरचा डबा

(दृश्य: रात्र. तिराना शहरातली पाच मजली विटांची इमारत. गच्चीवर एक माणूस, जिन्याच्या दारात एक मुलगा.)

गच्चीवरचा माणूस अँटेनाचा दांडा बोटभर फिरवतो आणि मुलाकडे बघतो. मुलगा खाली जाऊन येतो, मान हलवतो. नाही, अजून मुंग्याच. आणखी बोटभर. मुंग्या विरळ होतात, पडद्यावर एक हसरी निवेदिका उमटते आणि खोलीतली कुजबुज थांबते.

आपल्याकडे दूरदर्शनच्या काळात याच कामासाठी गच्चीवरून अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडायचे. "आलं का? आता?" इथे सगळं मुक्यानं चाललंय. कारण हा कम्युनिस्ट हुकूमशहा एन्वर होजाचा अल्बानिया आहे आणि अँटेनाचं तोंड इटलीकडे आहे. उजाडायच्या आत ते पुन्हा फिरवून ठेवायचं आहे.

(दृश्य: पत्र्याचा डबा, अगदी जवळून.)

हा डबा नीट बघा. आत एक-दोन ट्रान्झिस्टर, कपॅसिटर, तारेची वेटोळी आणि ओबडधोबड डाग दिलेले सांधे. समुद्रापलीकडून येणारा क्षीण सिग्नल पकडायला घरच्या घरी केलेली ही जुगाड. अल्बानियन लोक तिला नुसतं 'कनोचे' म्हणत. म्हणजे डबाच.

होजा 1944 पासून 1985 मध्ये मरेपर्यंत सत्तेवर होता. या काळात त्यानं एकेक मित्र तोडला. 1948 मध्ये युगोस्लाव्हिया, 1961 मध्ये सोव्हिएत संघ, 1978 मध्ये चीन. मग उरलं कोण? जेमतेम तीस लाख वस्तीचा देश आणि शेताबांधावर, समुद्रकिनारी, डोंगरात उगवलेले काँक्रीटचे दीड लाखाहून जास्त बंकर, कधीही न आलेल्या शत्रूसाठी. 1967 मध्ये मशिदी आणि चर्च बंद झाले. स्वतःची मोटार बाळगायला बंदी होती. देश सोडून जाणं म्हणजे देशद्रोह.

पण अल्बानिया आणि इटली यांच्यामधला समुद्र सर्वांत अरुंद जागी फक्त 72 किलोमीटर आहे. लाटांवर गस्त घालता येते. हवेवर कशी घालणार?

(दृश्य: कृष्णधवल टीव्ही संच, त्यावर क्रोशाचा रुमाल.)

अल्बानियाच्या सरकारी टीव्हीची सुरुवात 1960 मध्ये प्रायोगिक प्रक्षेपणानं झाली. रोजचे कार्यक्रम 1971 पासून, तेही संध्याकाळचे काही तास. टीव्ही घ्यायचा तर नुसते पैसे साठवून भागत नसे, परवानगीचा कागद लागे. ज्याच्या घरी संच, त्याच्या घरी शेजारीपाजारी.

अशा घरांनी 1972 च्या डिसेंबरात अकरावा गीत महोत्सव पाहिला. गायकांचे केस जरा लांब, कपडे जरा भडक, चालींमध्ये पलीकडच्या, इटलीतल्या सान रेमो गीत महोत्सवाची झाक. पहिलं बक्षीस मिळालेल्या तोनिन तर्शानाच्या गाण्याचं नाव होतं 'वसंत आला'. वसंत काही आठवडेच टिकला. होजानं हा सगळा प्रकार परकीय सडकेपणाचा पुरावा ठरवला. रेडिओ-टीव्हीचे प्रमुख तोदी लुबोन्या आधी पदावरून गेले, मग तुरुंगात. गायक शेरीफ मेर्दानीचीही कित्येक वर्षं कैदेत गेली. लुबोन्यांचा मुलगा फातोस याच्या रोजनिशा पोलिसांच्या हाती लागल्या. तो 1974 मध्ये आत गेला, तो 1991 मध्ये बाहेर आला. सतरा वर्षं. सुरुवात कशानं झाली, तर गाण्यांच्या कार्यक्रमानं.

(दृश्य: चित्रपट स्टुडिओचं खांबांचं प्रवेशद्वार.)

हा 'किनोस्टुडिओ', सोव्हिएत मदतीनं 1952 मध्ये उभा राहिलेला. पहिला पूर्ण लांबीचा अल्बानियन कथापट, 'ताना', इथे 1958 मध्ये झाला. पुढे ऐंशीच्या दशकात वर्षाला डझनाच्या आसपास चित्रपट निघत. बहुतेकांत शूर छापामार, दुष्ट जमीनदार आणि काळा चष्मा लावलेला हेर. पण सगळंच टाकाऊ म्हणावं, तर जान्फिसे केको आडव्या येतात. मॉस्कोत शिकून आलेल्या या बाईंनी लहान मुलांना घेऊन सिनेमे केले. 1977 च्या 'तोम्का आणि त्याचे मित्र'मध्ये जर्मन सैनिक पोरांचं फुटबॉलचं मैदान बळकावतात आणि पोरं पेटून उठतात. प्रचार आहेच, पण मैदान गेल्याचा त्या पोरांचा राग खरा वाटतो. हुकूमशाहीतल्या कलेबद्दल एका वाक्यात निकाल देणाऱ्यांनी हा चित्रपट जरूर पाहावा. 2017 मध्ये त्या राजवटीच्या गुन्ह्यांचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेनं असे जुने चित्रपट टीव्हीवरून हटवावेत असं सुचवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. अनेकांचं बालपणच त्यात अडकलंय.

पाश्चात्त्य चित्रपटांना मज्जाव होता. मोठा अपवाद एकच, ब्रिटिश विनोदी नट नॉर्मन विस्डम. आखूड कोट, वाकडी टोपी, पदोपदी धडपडणारं त्याचं पात्र पिटकिन आणि त्याच्यावर खेकसणारा साहेब. पक्षाला त्यात भांडवलदाराविरुद्धचा कामगार दिसला. लोकांना काय दिसलं असेल? वरचा ओरडतोय, खालचा 'हो साहेब' म्हणत सगळा घोळ घालून ठेवतोय. ते पोट धरधरून हसत. 2001 मध्ये इंग्लंडचा फुटबॉल संघ तिरानात आला तेव्हा म्हातारा विस्डमही तिथे होता. गर्दी डेव्हिड बेकहॅमला सोडून त्याच्याकडे धावली.

(दृश्य: पहाट. दुधाच्या दुकानासमोर ओळीनं ठेवलेले दगड आणि पिशव्या.)

ही दुधाची रांग आहे. दुकान उघडायला अवकाश आहे, म्हणून प्रत्येकानं आपल्या जागी एक दगड किंवा पिशवी ठेवलीय. ऐंशीच्या दशकात दूध, मांस, अंडी, सगळ्याची ओढाताण. ठरलेल्या मापात मिळालं तर मिळालं.

आणि रात्री, त्या डब्याच्या कृपेनं, जाहिराती. इटालियन बातम्या कोणी तरी पाही, सान रेमो सगळे पाहत, पण जाहिरातींच्या वेळी पोरंसुद्धा गप्प बसत. शाम्पू, बिस्किटं, चकचकीत मोटारी. मांजराचं डबाबंद खाणं! ज्या घरात मांस दिसायला आठवडे लागत, तिथे मांजराला मांस वाढलं जाताना बघायचं. कोकाकोलाचा रिकामा डबा कुठून मिळालाच, तर तो कचऱ्यात जात नसे. टीव्हीवर, क्रोशाच्या रुमालावर, फुलदाणीच्या मानानं विराजमान होई.

सरकार सांगे, पलीकडे शोषण आणि भूक आहे. जाहिरात सांगे, पलीकडे मांजरंही सुखी आहेत. दोन्ही प्रचारच. फरक इतकाच, की पहिल्याचं खोटं दुधाच्या रांगेत रोज उघडं पडे. दुसऱ्याचं पडताळून बघायची सोयच नव्हती. इटालियन मात्र सगळ्यांना येऊ लागलं, ना शिक्षक, ना पुस्तक.

(दृश्य: दुर्रेस बंदर. डोलकाठीपर्यंत माणसांनी भरलेलं जहाज.)

फेब्रुवारी 1991 मध्ये तिरानाच्या चौकातला होजाचा पुतळा लोकांनी दोर लावून पाडला. ऑगस्टमध्ये 'व्लोरा' हे जहाज क्यूबाची साखर घेऊन दुर्रेसला लागलं आणि सुमारे 20 हजार माणसं त्यावर चढली. दोरांना लटकून, एकमेकांच्या खांद्यांवर. 8 ऑगस्टला जहाज इटलीतल्या बारी बंदरात शिरलं, तेव्हा वरून एकच घोष चालू होता, "इतालिया! इतालिया!"

इटलीनं त्यांना एका जुन्या स्टेडियमात कोंडलं. उन्हात, आणि खाणं हेलिकॉप्टरमधून टाकलं जात होतं. मग विमानं आली. अनेकांना सांगितलं गेलं, तुम्हाला इटलीतल्याच दुसऱ्या शहरात नेतोय. टीव्हीवर शिकलेल्या इटालियनमध्ये त्यांनी आभार मानले असतील, कोण जाणे. विमानं उतरली ती तिरानात.