बायपासनंतर घरी

सोलापूरच्या पूर्व भागातील या घरात पहाटे नळाला पाणी आले आहे. काही दिवसांआड येणारे हे पाणी भरून ठेवण्याचे काम आजवर ज्यांच्याकडे होते, त्या आजींची बायपास शस्त्रक्रिया होऊन आज २८ दिवस झाले आहेत. छातीशी उशी धरून त्या दारात उभ्या आहेत आणि भरत आलेल्या बादलीकडे पाहत आहेत.

बायपाससाठी छातीच्या मधले हाड उभे कापून नंतर पोलादी तारांनी बांधले जाते. ते सांधण्यास सहा ते आठ आठवडे, तर पूर्ण भक्कम होण्यास सुमारे तीन महिने लागतात. तोवर चार-पाच किलोंहून अधिक वजन उचलू नये, ही सूचना पुरुषांना आणि स्त्रियांना सारखीच दिली जाते. दहा लिटरची भरलेली बादली मात्र दहा किलोंची असते. भाकरी थापताना तळव्यावर द्यावा लागणारा जोर, बिड्या वळून झाल्यावर मांडीवरचे सूप बाजूला सारून जमिनीला हात टेकत उठणे, या सगळ्याचा ताण त्याच हाडावर येतो.

स्त्रियांना बायपास पुरुषांपेक्षा जड जाते, त्यात शरीराचाही भाग आहेच. स्त्रियांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या सरासरीने बारीक असतात, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांचे वय बहुधा अधिक असते. अमेरिकेतील २०११ ते २०२० या काळातील सुमारे १३ लाख बायपासच्या नोंदींत शस्त्रक्रियेशी निगडित मृत्यूंचे प्रमाण पुरुषांत १.७ टक्के, तर स्त्रियांत २.८ टक्के आढळले. स्तनांच्या वजनाने छातीवरची जखम ओढली जाते, म्हणून आधार देणारे, पुढून उघडणारे अंतर्वस्त्र वापरणे हिताचे असते. संकोचापायी हे अनेकदा कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही.

पण घरी आल्यानंतरचे स्त्री-पुरुषांमधले अंतर केवळ शरीराने पडत नाही, असे आम्हांला ठामपणे वाटते. पुरुष घरी येतो, तेव्हा त्याच्या गोळ्या, पथ्य आणि सिद्धेश्वर तलावाकाठची फेरी सांभाळायला पत्नी असते. स्त्री घरी येते, तेव्हा तिला भेटायला आलेल्यांचा चहाही पुष्कळदा तीच ठेवते. देखरेखीखालील व्यायाम आणि समुपदेशन यांनी पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता घटते, तरी स्त्रियांना तिकडे कमी पाठवले जाते आणि गेलेल्याही अर्ध्यावर सोडतात. शस्त्रक्रियेनंतर स्त्रियांत अधिक आढळणारी उदासीनता तर घरच्यांना आळस वाटते.

आज बादली आजींच्या यजमानांनी उचलली आहे. आजींना खोकला येतो, तशी त्या उशी छातीशी घट्ट दाबतात आणि मग दारातूनच सांगतात, “आधी पिण्याचा हंडा भरा.”