पिशवीचा रकाना

पुढं या, मागं ऊन लागतंय. विषय दिलाय लोकसंख्या कार्यक्रमाला येणारा परदेशी पैसा. मी अर्थतज्ज्ञ नाही, बीड जिल्ह्यात नर्सबाई म्हणून नोकरी केली. त्यामुळं पैसा मला दिसला तो रजिस्टरातून.

आपला कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम १९५२ चा, जगात पहिला. खर्च बहुतेक आपल्याच तिजोरीतला. पण परदेशी पैसा विरजणासारखा असतो. चमचाभर पडतं, चव मात्र त्याचीच लागते. गर्भाशयात बसवायचा लूप आला, नग मोजायची सवय आली, टार्गेट आलं. सगळं बाहेरच्यांवर ढकलू नका हां. १९७४ ला बुखारेस्टच्या जागतिक लोकसंख्या परिषदेत आपले आरोग्यमंत्री करण सिंह सांगून आले, विकास हेच उत्तम गर्भनिरोधक. १९७६-७७ मध्ये आपणच वर्षभरात ८० लाखांवर नसबंद्या केल्या!

१९९४ ला कैरोच्या लोकसंख्या परिषदेत ठरलं, आकडे सोडा, बाईला विचारा. २००० सालासाठी १७ अब्ज डॉलर खर्चाचा अंदाज धरला, त्यातला तिसरा हिस्सा श्रीमंत देशांनी द्यायचा. तो कधी पुरता आला नाही. आमच्याकडं एप्रिल १९९६ पासून कागदावरचं टार्गेट गेलं. मार्चएंडला आकडे भरा, हे निरोप येतच राहिले.

अमेरिकेची तऱ्हा आणखी निराळी. १९८४ पासूनचा त्यांचा नियम असा, की आमचा पैसा घेणाऱ्या परदेशी संस्थेनं गर्भपाताचा सल्लासुद्धा द्यायचा नाही. आपल्याकडं गर्भपाताला परवानगी देणारा कायदा १९७१ चा! तिकडं रिपब्लिकन आला की नियम लागू, डेमोक्रॅट आला की रद्द. २०२५ ला परत लागू झाला आणि त्याच वर्षी परदेशी मदत वाटणारी त्यांची संस्था, यूएसएडच बंद केली. निवडणूक तिकडं, ठिगळ इकडं.

पण त्याच पैशानं एक चांगली गोष्टही झाली. १९९२-९३ चं पहिलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण अमेरिकी मदतीवर उभं राहिलं. मात्र ‘गर्भाशय काढलंय का’ हा प्रश्न त्यात यायला चौथी फेरी, म्हणजे २०१५-१६ उजाडलं. मुलं किती, साधन कुठलं, हे पहिल्यापासून विचारलं. पिशवी गेली का, हे कुणाच्या खर्चाच्या हेडमध्ये बसत नव्हतं. २०१९ ला बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याची ओरड झाली, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं ८२,३०९ बायांची पाहणी आली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. कोयता थांबला की खाडा, खाड्याचे पैसे मुकादम कापतो. दुखणं काढत बसायला वेळ कुणाला?

त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट. कारखान्यावरून परतलेली एक बाई, तिशीसुद्धा ओलांडली नसेल. पात्र जोडप्यांची, म्हणजे कुटुंब नियोजनासाठी ज्यांना गाठायचं त्यांची, यादी माझ्या मांडीवर. मी सवयीनं विचारलं, तांबी का गोळ्या?

ती हसली. “बाई, पिशवीच काढली की. आता कशाला काय?”

मी तिच्या नावावर रेघ मारली आणि पुढं लिहिलं, ‘लागू नाही’.